उभारलेला आकडा

ता. ६ ऑगस्ट

धाकटे बंधू यांस,

कारण पडले म्हणून हे पत्र लिहीत आहे. कारण नसते तर आपणांस तसदी दिली नसती. चौतीस वर्षांत दिली नाही, हे आपण मान्य कराल.

जुने संगीत सभागृह सप्टेंबरअखेर रिकामे होणार आहे. इमारतीतील प्रत्येक वस्तूची नोंद करण्याचे काम एका बाईंकडे दिलेले आहे. बाई वयाने लहान असल्या तरी कामात चोख आहेत. खुर्च्यासुद्धा उलट्या करून पाहतात. रंगमंचामागच्या खोलीत त्यांना कापडाखाली एक उभा पियानो सापडला. कोणता, हे आपणांस सांगावयास नको. बाबांनी त्या दिवशी त्यावर टाकलेले कापडही तेच आहे.

बाईंना दोन गोष्टी हव्या होत्या. पियानो कोणत्या कारखान्याचा आणि किती वर्षांचा. जुना व नामांकित असेल तर मोडका का असेना, तो वस्तुसंग्रहालयात जाईल. नसेल तर तीस सप्टेंबरला भंगाराच्या गाडीत चढेल. या विषयातला जाणकार आता मी एकटाच उरलो आहे असे त्यांना चार ठिकाणी सांगण्यात आले, म्हणून त्या घरी आल्या. मी सोबत गेलो. वरचे झाकण उघडले, विजेरी धरली, लोखंडी चौकटीवरचा आकडा वाचला आणि बाबांच्या नंबर व सालांच्या तक्त्याशी ताडून जागच्या जागी उत्तर दिले. समोरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत ज्या कारखान्याचे नाव आहे, तोच कारखाना. वय एकशे बारा वर्षे. बाबांनी त्या वेळी अठ्ठ्याहत्तर सांगितले होते. त्यात चौतीस मिळवावीत. तसे मी लिहून, सही करून दिले आहे. पाटी छापावयास गेली असून तीवर ओळख पटविणारे म्हणून बाबांचे व माझे अशी दोन्ही नावे येणार आहेत.

आता मुद्दा. नोंदीच्या कागदावर शेवटच्या दुरुस्तीचा एक रकाना आहे. शेवटचे काम आपल्याकडे होते. आपण त्या वेळी काय काढले, काय बदलले व काय कसले, ते क्रमवार लिहून कळवावे. चौकट आपल्या हाताखाली तडकली, त्याविषयी मी काही विचारीत नाही. ते सर्वांना ठाऊक आहे.

आमच्याकडे सर्व ठीक. गुडघे वगळता माझी तक्रार नाही. आपल्या वहिनींनी हे पत्र वाचून "हे पत्र आहे की नोटीस?" असे विचारले.

आपला,
थोरला बंधू


ता. १९ ऑगस्ट

बंधू,

तुझे कार्ड पोचले. एवढ्या वर्षांनी चार ओळी. त्या मी येथे उतरवून काढतो, म्हणजे आपण काय लिहिले ते तुझ्या लक्षात येईल.

"दादा, मला आपण म्हणू नकोस. लिफाफा बघून वाटलं, वजनमापं खात्याच्या साहेबाचंच पत्र आलं, दुकानातले काटे तपासायला येतोय. बाकीचं मागाहून सांगतो. आधी तू सांग, आकडा उभारलेला आहे की ठोकलेला? तुझा, चिमटा."

'आपण' नको असेल तर 'तू' लिहीन. परंतु विचारलेल्याचे उत्तर द्यावयाचे सोडून उलट प्रश्न करण्याची खोड सहासष्टाव्या वर्षीही गेलेली नाही, हे नमूद करतो.

हा प्रश्न तू बाबांनाही केला होतास, आणि तोही चार कारागिरांदेखत. पियानो सभागृहात पाहावयास गेलो होतो तो पहिला दिवस. बाबांनी चौकटीवरचा आकडा वाचून वय सांगितले आणि तू मध्येच म्हणालास, "बाबा, हा उभारलेला आकडा आहे. तो साच्यातून येतो. एका साच्यात शंभर चौकटी ओतल्या तर शंभरांवर तोच आकडा. पियानोचा स्वतःचा नंबर पोलादी ठशानं ठोकलेला असतो, खोलगट. तो शोधायला आतलं सगळं बाहेर काढावं लागेल."

बाबा म्हणाले, "वा. चिमट्याला दात फुटले."

सर्व हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. पुढे बाबा म्हणाले की मोठ्या नावाचा पियानो उगाच उघडावयाचा नसतो, आणि तो विषय संपला.

तुझे कार्ड मी घड्याळामागे ठेवून दिले होते. मी चौथीपर्यंतच शिकलो आहे, परंतु आकडे मला वाचता येतात, आणि सत्तेचाळीस वर्षे मी याच आकड्यांवर पोट भरले. कार्डाला उत्तर देण्याची गरज नाही असे मी ठरविले. आपल्या घरात मात्र मी ठरविलेले तसेच राहते असे नाही. तुझी वहिनी तीन दिवस कार्डाकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "एकदा जाऊन बघून तरी या. आकडा काय पळून जाणार आहे?"

मी म्हणालो, "पाहिलेलाच आहे. उभारलेला आहे."

"मग दुसरा कुठला बघा. दोन ठिकाणी एकच निघाला तर भावजी खरे, नाही निघाला तर तुम्ही खरे. सोपं तर आहे."

मुलींच्या शाळेत एक उभा पियानो आहे. दुसऱ्याच नावाचा, हलक्या लाकडाचा. मी तो गेली वीस वर्षे जुळवीत आलो. त्याचे वय मला कोणी विचारले नाही, म्हणून त्याच्या चौकटीवरचा आकडा मी कधी वाचला नाही. तारा पाहावयाच्या आणि खुंट्या पिळावयाच्या, तेवढेच काम. काल सकाळी गेलो, झाकण उचलले, चष्मा पुसला. दोन, दोन, शून्य, सहा.

सभागृहातल्या पियानोवरही दोन, दोन, शून्य, सहा.

संगीताच्या बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "काका, पाणी देऊ का?" मी नको म्हणालो आणि आणल्यावर प्यालो.

चिमट्या, बाबांचा तक्ता खोटा नव्हता. त्यातले नंबर खरे, सालेही खरी. परंतु तो तक्ता ठोकलेल्या नंबरांचा होता आणि आपण त्यात साच्याचे आकडे शोधत होतो. आधी बाबा आणि त्यांच्या मागे मी. लोकांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, मान हलवून, आम्ही त्यांच्या पियानोंची वये सांगितली. कोणाचा पियानो आजोबांहून मोठा केला, कोणाचा काल जन्माला घातला. सर्वांनी विश्वास ठेवला. ज्याने ठेवला नाही त्याला आम्ही हसलो.

हे सध्या तीन माणसांना माहीत आहे. तुला, मला आणि तुझ्या वहिनीला. नोंदीच्या बाईंना मी सांगितलेले नाही. मी गप्प राहिलो तर पाटी भिंतीला लागेल, पियानो सुखाने संग्रहालयात जाईल आणि बाबांचे नाव पितळेत राहील. यातले काहीही वाईट नाही, असे मी आज दिवसभर स्वतःस सांगून पाहिले.

सोमवारी जाऊन तो पियानो संपूर्ण उघडणार आहे. तू दुरुस्तीची यादी पाठविलेली नाहीस. ती अजूनही हवी आहे.

दादा


ता. ३० ऑगस्ट

चिमट्या,

हे पत्र मोठे होईल. मध्ये कोठे राग आला तर थांब, पाणी पी, आणि पुढे वाच. अर्धे वाचून फाडू नकोस, कारण तुझ्या कामाचे ते शेवटी आहे.

सोमवारी दहा वाजता गेलो. बाईंना मी एवढेच सांगितले की खात्री करून घ्यावयाची आहे. त्यांनी विजेरी धरली. गुडघ्यांमुळे पहारेकऱ्याकडून तिपाई मागून घेतली. पुढची फळी उतरवली. हातोड्यांचा सांगाडा चार फिरक्या सोडवून उचलावयाचा असतो. त्याला एका बाजूने मी व दुसऱ्या बाजूने पहारेकरी. तो म्हणाला, "काका, आत एवढा पसारा असतो? बाहेरून वाटत नाही." मी त्याला म्हणालो की घराचेही तसेच असते. तो उगीच हसत राहिला.

मग पट्ट्या एकेक काढून ओळीने टेबलावर मांडल्या. डाव्या टोकाच्या पहिल्या पट्टीच्या कुशीला शिसपेन्सिलीने तारीख लिहिलेली आहे. एकसष्ट वर्षांपूर्वीची. आता तू म्हणशील की ती तारीख दुरुस्त करणाऱ्याचीही असू शकते, पट्ट्या बदललेल्याही असू शकतात. मीही तेच म्हणालो. म्हणून ठोकलेला नंबर शोधला. बाजूच्या फळीत वरच्या कडेला, वार्निशाखाली, खोलगट, चार आकडी. तोच नंबर पट्ट्यांखालच्या चौकटीवर. तोच हातोड्यांच्या सांगाड्याच्या पाठीवर. तिन्ही एका ठशाचे. चारातल्या एका आकड्याचे डोके तिन्ही ठिकाणी सारखेच तुटलेले. तेव्हा पट्ट्या त्याच्याच आणि तारीखही त्याचीच. आपल्याकडे काम आले तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नव्हता. सत्तावीस वर्षांचा होता. तुझ्याहून लहान.

कारखान्याचेही सांगतो. पट्ट्यांखालच्या तळफळीवर डागलेला शिक्का आहे. एक बदक. नाव नाही, गाव नाही. तुला आठवत असेल, हे बदकवाले स्वस्तातले पियानो करीत आणि समोरची फळी कोरी ठेवून विकीत. घेणारा दुकानदार तीवर वाटेल ते नाव चढवी. या फळीवरचे सोनेरी नाव वार्निशाच्या वर बसलेले आहे, खाली नाही. नखाने त्याची कड लागते. कोणा दुकानदाराने बदकाला मोठ्या घराण्याचे नाव दिले आणि ते आपल्या घराने चौतीस वर्षे जपले.

तुझ्या वहिनीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं घरात बदकाचा दबदबा होता."

आता तड्याचे.

सांगाडा बाहेर काढल्यावर चौकटीचा मधला दांडा पूर्ण दिसतो. एरवी तो हातोड्यांमागे झाकलेला असतो. तारा जुळविताना वरचे टोक तेवढे दिसते. तडा त्या दांड्याला, वीतभर खाली. मी आयुष्यात तो एकदाच पाहिला होता, वाकून, क्षणभर. सोमवारी विजेरी जवळ नेली तर तड्याच्या दोन्ही ओठांमध्ये काहीतरी भुरकट दिसले. पात्याच्या टोकाने खरवडले. रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात तशी लांबी निघाली, दगडासारखी कडक. तिच्यावर चौकटीचा सोनेरी रंग. मी हात मागे घातला. दांड्याच्या पाठीला बोटाएवढी लोखंडी पट्टी, दोन स्क्रूंनी बसविलेली, तीही सोनेरी रंगविलेली, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला काही कळू नये.

मी तिपाईवर बसलो. बाई म्हणाल्या, "काका, काय झालं?" मी म्हणालो, "थांबा. मला मोजू द्या." मोजावयाचे काही नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी कापड टाकले. त्यानंतर त्या पियानोला कोणी हात लावलेला नाही. त्या खोलीची एकच किल्ली आहे आणि ती पहारेकऱ्याच्या वडिलांपासून त्यांच्याकडेच आहे. आपल्या कारखान्यात सोनेरी रंगाचा डबा कधी नव्हता. तेव्हा लांबी, पट्टी आणि रंग, तिन्ही आपल्याकडे येण्याच्या आधीची. चौकट तुटलेलीच होती, चिमट्या. कोणीतरी ती तोडली, भरली, रंगवली, फळीवर नाव चिकटवले आणि सभागृहाच्या गळ्यात मारली. त्या दिवशी जे तुटले ते लोखंड नव्हते. ती लांबी होती.

त्या पियानोवर सूर चढणे शक्यच नव्हते. एका दिवसात नाही, तीन दिवसांत नाही, तीन वर्षांत नाही.

येथपर्यंत बाईंना सांगता आले. यापुढचे त्यांना सांगितले नाही, कारण ते आधी तुला सांगितले पाहिजे.

बाबांचा नियम असा की जुन्या पियानोचा सूर उतरलेला असेल तर तो तीन दिवसांत चढवावयाचा, रोज तिसरा हिस्सा. आणि दुसरा नियम बिल्ल्याचा. ज्याच्याकडे काम, त्याचा पितळी बिल्ला पियानोच्या कडीला. तो उतरेपर्यंत दुसऱ्याने खुंट्यांना चावी लावावयाची नाही. त्या मंगळवारी कडीला तुझा बिल्ला होता. तू जाड तारा वळवून आणावयास गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होतास. सभागृहात मी एकटा होतो.

आदल्या आठवड्यात बाबा चार लोकांत म्हणाले होते की कान सगळे धाकट्याकडे गेले, थोरल्याकडे नुसते दंड आले. सभागृहाचे कायमचे काम तुला द्यावयाचे त्यांच्या मनात होते. मी अडतीस वर्षांचा होतो. मला वाटले, गुरुवारचा कार्यक्रम आहे, आज संध्याकाळी बाबा येतील तेव्हा संपूर्ण पियानो सुरात उभा असेल आणि तो मी केलेला असेल. तुझ्या बिल्ल्याखाली चावी लावून मी बारापासून चारपर्यंत पिळत होतो. तीन दिवसांचा सूर चार तासांत. चार वाजता आवाज झाला. मोठा नव्हता. जाड पुस्तक फरशीवर पडावे, तेवढा. सगळ्या तारा एकदम ढिल्या बोलल्या.

मी चावी पट्ट्यांवर ठेवली आणि मागे नळावर जाऊन हात धुतले. हात मळलेले नव्हते.

परत आलो तेव्हा तू पियानोपुढे उभा होतास, चावी तुझ्या हातात होती, आणि दारात बाबा. त्यांनी विचारले, "कोणी केलं हे?" तू बोलला नाहीस. मी म्हणालो, "बिल्ला बघा."

मी खोटे बोललो नाही. बिल्ला तुझाच होता. हे वाक्य मी चौतीस वर्षे घासून पुसून ठेवले आहे. कोणी विचारले की मी म्हणे, मी आयुष्यात खोटे बोललेलो नाही, आणि लोक मान डोलावीत. बाबांनी तुझा बिल्ला काढून खिशात घातला. शुक्रवारी तू हत्यारांची पेटी उचलून गेलास. मी घरात होतो, बाहेर आलो नाही. बाबा गेले तेव्हा तू आलास व उभ्या उभ्या परत गेलास, तेव्हाही मी सांगू शकत होतो. पहिल्याच पत्रात, "चौकट आपल्या हाताखाली तडकली" असे मी पुन्हा लिहिले. ती लेखणी माझीच होती.

तू त्या पियानोला काही केले नाहीस. मी केले, आणि ते लपविण्यासाठी तुला पुढे केले. आता निघते आहे की मीही तो तोडला नव्हता. हे कळले तेव्हा मला इतके हलके वाटले की लाज वाटली. चूक गेली, परंतु लबाडी तेवढीच उरली. ती जुन्या लांबीने भरता येत नाही.

क्षमा मागण्याची मला सवय नाही. शब्द बरोबर आहे की नाही माहीत नाही. मागतो.

दादा


ता. १४ सप्टेंबर

चिमट्या,

तुझे सहा पानी पत्र परवा आले. तुझे अक्षर अजून तसेच आहे, कोंबडीने धान्य उकरल्यासारखे. तुझी वहिनी एक शब्द वाचे, मी पुढचा ओळखे, असे करून दुपारपर्यंत संपविले. तिसऱ्या पानाशी ती थांबली आणि म्हणाली, "हे तुम्हीच वाचा."

मी वाचले. एवढ्यात मला तो मजकूर पाठ झाला आहे.

"दादा, तुझं पत्र तीनदा वाचलं. आता माझं ऐक. आदल्या दिवशी, सोमवारी, मी चौकटीचे बोल्ट कसले होते. डावीकडच्या वरच्या बोल्टवर पाना सटकला, बोट चेचलं, आणि मी चिडून तो बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला. सैल करायचं डोक्यात होतं, राहून गेलं. मंगळवारी तारा घेऊन आलो, तडा बघितला आणि मनात म्हटलं, झालं, तो बोल्ट. म्हणून गप्प होतो. तू चावी लावलीस हे मला आज कळतंय. मला वाटायचं मीच तोडला आणि दादानं निदान तोंडावर काही म्हटलं नाही. चौतीस वर्षं काटे दुरुस्त करतोय, अजून कुठलाही बोल्ट आवळताना शेवटचा पाव फेरा देताना हात थांबतो. बायको म्हणते, तुमचे काटे बरोबर असतात पण झाकणं खडखडतात. आज दुकानात एक काटा जोडला आणि सगळे बोल्ट पक्के आवळले. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं."

इतकी वर्षे मी समजत होतो की तुला सर्व ठाऊक आहे आणि तू मला तुच्छ लेखून गप्प आहेस. तुझ्या त्या मौनाचा मला राग येत असे. आपण केले ते राहिले बाजूला, वर तुझाच राग. आणि तू तिकडे एका बोल्टपायी हात आखडून बसलेला.

तुझी वहिनी डोळ्यांना पदर लावून हसत होती. "दोन भाऊ," म्हणाली, "दोघेही म्हणतात मी तोडला, मी तोडला. आणि तोडला भलत्यानंच." मग गंभीर झाली आणि म्हणाली, "पण तुम्ही ते वाक्य बोललात हे मला कधी सांगितलं नाहीत." मी म्हणालो, नाही सांगितले. त्या दिवशी तिने जेवताना मला वाढले, परंतु बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली.

पाचव्या पानावरचे तुझे तेही वाचले. "बिल्ला बघा, हे मात्र मी तेव्हा ऐकलं होतं. ते बोल्टमध्येही बसत नाही आणि लांबीतही बसत नाही. त्याचं समोरासमोर बघू." मला मान्य आहे. त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. तू म्हणशील ते बसून ऐकेन, मध्ये बोलणार नाही. हे दुसरे मला जड जाईल, हे तुला माहीत आहे.

काल सभागृहात गेलो. बाईंच्या टेबलावर पाटी येऊन पडलेली होती. पितळी, सुबक. बाबांचे नाव वर, माझे खाली.

मी म्हणालो, "ही लावू नका. मी दिलेला दाखला चुकीचा आहे. दुसरा लिहून आणला आहे."

बाईंनी माझा कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "काका, हा दाखला जोडला की पियानो भंगारात जाणार. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि इथे तुम्ही लिहिलंय, आमच्या वडिलांचं निदान चुकीचं होतं. हे एवढं लिहायलाच हवं का? नुसतं वय बदललं तरी चालेल."

"त्यांची फसवणूक झाली होती असेही पुढे लिहिले आहे. ते वाचावे."

"वाचलं. तुम्ही सांगितलं नसतं तर हे कोणालाच कळलं नसतं."

"एकाला कळले होते," मी म्हणालो. "त्याने चौतीस वर्षांपूर्वीच सांगितले होते. आम्ही हसलो."

बाईंनी पेन उघडले. म्हणाल्या, "त्यांचं नाव सांगा. शंका आधी कोणी घेतली, त्याची नोंद ठेवावी लागते." मी तुझे पूर्ण नाव सांगितले. किती वर्षांनी ते माझ्या तोंडून बाहेर पडले. बाईंनी ते लिहिले, मी शुद्धलेखन तपासले, बरोबर होते. शेवटच्या दुरुस्तीच्या रकान्यात मी असे सांगितले: सूर चढविण्याचे काम थोरल्या भावाने, नियम मोडून केले, चौकट त्याआधीच तुटलेली होती, धाकट्या भावाचा संबंध नाही. बाई लिहिताना थांबल्या, माझ्याकडे पाहिले, आणि पुढे लिहिले. त्यांनी काही विचारले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी विचारले, "आता पाटीचे काय करणार?"

"छापलेली पाटी परत कशी करू? राहू दे टेबलावर. कागदावर ठेवायला काहीतरी जड हवंच होतं."

मी हसलो. पहारेकरी दारातून डोकावला, कारण त्याने मला हसताना पाहिले नव्हते. येताना दोन मैल चालत आलो. गुडघ्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे केली असेल, माझे लक्ष नव्हते. घरी येऊन जेवलो आणि भर दुपारी खुर्चीतच झोपलो. तुझ्या वहिनीने मला हलवून पाहिले म्हणे, श्वास चालू आहे की नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. तू लिहितोस, "एकच खरं सांग. लांबी खरंच आतपर्यंत होती? की माझी समजूत काढतोयस? का स्वतःची?"

मी हो असे लिहू शकतो. कागद माझा, लेखणी माझी, आणि सत्तेचाळीस वर्षे लोकांनी माझ्या शब्दावर मान डोलावली आहे. परंतु माझ्या एका शब्दावर बाबांनी विश्वास ठेवला होता आणि त्याचे काय झाले ते आपण दोघे जाणतो. म्हणून मी तुला काही सांगत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस.

गाडी तीस तारखेला अकरा वाजता येणार. मी बाईंना सांगून ठेवले आहे की तोपर्यंत सांगाडा परत बसवू नये. तड्यातली लांबी मी निम्मीच खरवडली आहे. खालची निम्मी जशीच्या तशी आहे. तू ये. तुझ्या काट्यांच्या दुकानातले भिंग आण. पाते टेबलावर ठेवलेले असेल. हवे तेथे खरवड, हवा तेवढा वेळ घे, बोल्टही पाहा.

मी खोलीबाहेर उभा राहीन. पाहून झाले की मला आत बोलाव.

दादा